औपचारिक इंग्रजीत 'नाही' कसं लिहायचं: नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

मराठीत 'नाही' या एका शब्दावर सगळं निभतं. अर्जावर सही नाही, अध्यक्ष आज नाहीत, करारात तशी तरतूद नाही, तपासणीत दोष नाही, तो विभाग आता नाही, हा रकाना आम्हाला लागू नाही. औपचारिक इंग्रजीत या सहा वाक्यांना सहा वेगळ्या रचना लागतात. एकीची रचना दुसरीला लावली की वाक्य व्याकरणात बसतं, पण भलतंच सांगतं. 'ॲबसंट', 'लॅक', 'मिसिंग' हे शब्द शाळेपासून माहीत असतात. घोळ त्याच्या आधी होतो: नेमकं कोणतं 'नाही' सांगायचं आहे हे न ठरवताच शब्द उचलला जातो.

खाली सगळी इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. स्पेलिंग शब्दकोशात पाहून घ्या. इथे भर रचनेवर आहे.

पायरी 1: कोणतं 'नाही' ते ठरवा

पहिला प्रश्न: ती गोष्ट तिथे असायला हवी होती का? हवी होती आणि नाही, तर 'मिसिंग' किंवा 'लॅक्स'. हवीच असं काही नव्हतं, नुसती परिस्थिती सांगायची आहे, तर 'देअर इज नो' किंवा 'कंटेन्स नो'. नसलेलीच बरी अशी गोष्ट असेल तर 'फ्री ऑफ' किंवा 'फ्री फ्रॉम'. हा फरक डावलला की विनोद होतो. 'द रिपोर्ट लॅक्स एरर्स' याचा अर्थ अहवालात चुका कमी पडल्या, आणखी घालायला हव्या होत्या, असा निघतो. म्हणायचं असतं 'द रिपोर्ट इज फ्री ऑफ एरर्स', किंवा साधंच 'देअर आर नो एरर्स इन द रिपोर्ट'.

दुसरा प्रश्न काळाचा. आधी होती, आता नाही: 'नो लाँगर'. यायची आहे, अजून आलेली नाही: 'नॉट येट'. कधीच नव्हती: 'नेव्हर'. 'द सर्टिफिकेट इज नॉट अव्हेलेबल' या वाक्यातून यातलं काहीच कळत नाही. वाट पाहायची की नाद सोडायचा, हे वाचणाऱ्याला ठरवता येत नाही. 'हॅज नॉट येट बीन इश्यूड' लिहिलं की वाट पाहायची. 'इज नो लाँगर इश्यूड' लिहिलं की तो मार्ग बंद झाला. 'वॉज नेव्हर इश्यूड' लिहिलं की प्रकरण गंभीर आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक वेळा राहतो: ती गोष्ट नाही हे पक्कं माहीत आहे, की फक्त शोधल्यावर सापडली नाही? 'देअर इज नो लेटर' आणि 'नो लेटर वॉज फाउंड' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात तुम्ही जगात असं पत्रच नाही याची हमी देता, दुसऱ्यात फक्त स्वतःच्या शोधाचा निकाल सांगता. उद्या पत्र निघालं तर पहिलं वाक्य खोटं ठरतं, दुसरं ठरत नाही.

वेबसर्व्हर हे भेद आकड्यांनी पाळतात. 404 म्हणजे 'नॉट फाउंड': मागितलेलं पान मिळालं नाही, तात्पुरतं की कायमचं ते सांगितलेलं नाही. 410 म्हणजे 'गॉन': होतं, काढलं, बहुधा परत येणार नाही. 204 म्हणजे 'नो कंटेंट': विनंती नीट पार पडली, पाठवण्यासारखा मजकूर मात्र नाही. पत्र लिहितानाही यातलं आपलं कोणतं, हे आधी पाहावं.

पायरी 2: 'इज नॉट देअर' ही सवय मोडा

'करारात अशी तरतूद नाही' याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं की 'सच प्रोव्हिजन इज नॉट देअर इन द काँट्रॅक्ट' तयार होतं. वाक्याच्या शेवटाकडे आलेला 'देअर' एका ठरावीक जागेकडे बोट दाखवतो: 'द की इज नॉट देअर', म्हणजे किल्ली त्या जागेवर नाही, कदाचित दुसरीकडे असेल. मुळात अस्तित्वच नाकारायचं असेल तर 'देअर' सुरुवातीला येतो: 'देअर इज नो सच प्रोव्हिजन इन द काँट्रॅक्ट'. 'नो' नंतर 'अ' किंवा 'द' येत नाही. एरवी एकच असते अशा गोष्टीला एकवचन, 'देअर इज नो सिग्नेचर'. अनेक असू शकतात अशांना अनेकवचन, 'देअर आर नो फुटनोट्स'. 'देअर इज नॉट एनी' चूक नाही, पण बोलीकडे झुकतं. लिखाणात 'नो' जास्त आटोपशीर दिसतो.

याहून चांगला उपाय असा: नसलेल्या वस्तूला कर्ता न करता, ती ज्यात असायला हवी त्या कागदाला, फाइलीला किंवा यंत्राला कर्ता करा. मुरलेले इंग्रजी लिहिणारे बहुधा हेच करतात. प्रत्येक 'भांड्याला' स्वतःचं क्रियापद आहे:

कागदावर सही, शिक्का, तारीख नाही: 'द इन्व्हॉइस बेअर्स नो सिग्नेचर' किंवा 'डझ नॉट बेअर अ सिग्नेचर'.
पत्रात उल्लेख नाही: 'द लेटर मेक्स नो मेन्शन ऑफ द डिस्काउंट'.
नोंदीत दिसत नाही: 'अवर रेकॉर्ड्स शो नो पेमेंट अगेन्स्ट धिस इन्व्हॉइस'.
फाइलीत नाही: 'द फाइल कंटेन्स नो कॉरस्पॉन्डन्स आफ्टर 2021'.
वस्तूसोबत मिळत नाही: 'द प्राइस डझ नॉट इन्क्लूड इन्स्टॉलेशन'.
करार किंवा नियम एखाद्या मुद्द्यावर काहीच बोलत नाही: 'द काँट्रॅक्ट इज सायलेंट ऑन रिफंड्स'.

शेवटच्या रचनेकडे नीट पाहा. 'सायलेंट ऑन' म्हणजे परवानगीही नाही आणि मनाईही नाही. 'द काँट्रॅक्ट डझ नॉट अलाउ रिफंड्स' म्हणजे परतावा चालत नाही. करारात मुद्दाच नसताना दुसरं वाक्य लिहिणं म्हणजे करारात नसलेली अट स्वतः घालणं, आणि वाद तिथून सुरू होतात.

माणसाकडे एखादी गोष्ट नसेल तर 'विथ मी' लागत नाही. 'द रिसीट इज नॉट विथ मी' म्हणजे पावती आत्ता जवळ नाही, घरी असू शकते. मुळात नसेलच तर 'आय डू नॉट हॅव अ रिसीट'.

पायरी 3: मुख्य शब्दांचं व्याकरण पक्कं करा

'लॅक' सगळ्यात जास्त छळतो, कारण तो नामही आहे आणि क्रियापदही. क्रियापद असेल तेव्हा मागे 'इज' नाही आणि पुढे 'ऑफ' नाही: 'द प्रपोजल लॅक्स डिटेल'. नाम असेल तेव्हा 'ऑफ' हवा: 'द लॅक ऑफ डिटेल इज अ कन्सर्न'. विशेषण म्हणून 'लॅकिंग' घेतलं तर 'इन': 'द प्रपोजल इज लॅकिंग इन डिटेल'. या तिन्हींची खिचडी झाली की 'द प्रपोजल इज लॅक ऑफ डिटेल' किंवा 'लॅक्स ऑफ डिटेल' असं काहीतरी तयार होतं, दोन्ही चूक. अजून एक गोष्ट: 'लॅक' मध्ये टीका दडलेली असते. 'शी लॅक्स एक्स्पीरियन्स' हा शेरा आहे, 'शी हॅज नो प्रीव्हियस एक्स्पीरियन्स इन धिस फील्ड' ही माहिती. शिफारसपत्रात किंवा मूल्यमापनात हा फरक माणसाला महागात पडतो.

'मिसिंग' नेहमी याच रूपात येतो. 'पेज 4 इज मिसिंग' बरोबर. 'पेज 4 इज मिस्ड' चूक, कारण त्याचा अर्थ पानाची आठवण येते किंवा पान वाचायचं हुकलं असा होऊ शकतो. कशातून गहाळ आहे ते सांगायला 'फ्रॉम': 'पेज 4 इज मिसिंग फ्रॉम द स्कॅन्ड कॉपी'. वस्तू सापडत नसेल तर 'लॉस्ट' घाईने लिहू नका. 'लॉस्ट' म्हणजे गेली, जबाबदारी मान्य. शोध चालू असेल तर 'हॅज नॉट बीन लोकेटेड', चुकून दुसरीकडे ठेवली गेली असावी असं वाटत असेल तर 'मिसप्लेस्ड', पुरेसा शोध घेऊनही मिळाली नसेल तर 'कुड नॉट बी ट्रेस्ड'.

'ॲबसंट' पुढे 'फ्रॉम' येतो, 'इन' नाही: 'ॲबसंट फ्रॉम द मीटिंग'. उच्चारातही एक खाच आहे. विशेषण असताना जोर पहिल्या अवयवावर, 'ॲब' वर. क्रियापद असताना, म्हणजे 'ही ॲबसेंटेड हिमसेल्फ फ्रॉम ड्यूटी' मध्ये, जोर 'सेंट' वर. या क्रियापदात मुद्दाम गैरहजर राहिल्याचा आरोप असतो. आजारी माणसाबद्दल ते वापरू नये.

'डिव्हॉइड ऑफ' म्हणजे लवलेशही नाही. तो गुणांसाठी, अमूर्त गोष्टींसाठी शोभतो: 'द अर्ग्युमेंट इज डिव्हॉइड ऑफ मेरिट'. 'द एन्व्हलप इज डिव्हॉइड ऑफ अ स्टॅम्प' लिहिलं तर लिफाफ्यावर भाषण दिल्यासारखं वाटतं. 'डिव्हॉइड फ्रॉम' नसतंच, आणि हा शब्द नामाच्या आधी लावता येत नाही. 'अ डिव्हॉइड रिपोर्ट' अशी रचना इंग्रजीत नाही. 'बिरेफ्ट ऑफ' त्याच्या शेजारचा, पण त्यात गमावल्याचं दुःख आहे: आधी होतं, हिरावलं गेलं. आशा, सांत्वन, आधार यांच्यासाठी ठीक. कार्यालयीन पत्रात जवळजवळ कधीच लागत नाही. 'व्हॉइड' हा मात्र वेगळाच प्राणी: कायद्याच्या भाषेत तो रद्दबातल. कोऱ्या अर्जाला 'व्हॉइड फॉर्म' म्हटलं तर अर्ज बाद झाला असं समजतील. कोरा म्हणजे 'ब्लँक', रिकामी खोली किंवा डबा 'एम्प्टी', रिकामं पद 'व्हेकंट'.

'डर्थ', 'पॉसिटी', 'शॉर्टेज', 'स्केअर्सिटी' हे शब्द नवशिके 'नाही'च्या यादीत टाकतात. ते तिथले नाहीत. त्यांचा अर्थ कमतरता, शून्य नव्हे. 'फाउंड वाँटिंग' हेही तसंच: 'द अरेंजमेंट्स वेअर फाउंड वाँटिंग' म्हणजे व्यवस्था होती, पण कसाला उतरली नाही.

पायरी 4: 'नसल्यास' आणि 'नसल्यामुळे' वेगळं लिहा

'इन दि ॲबसन्स ऑफ' हा औपचारिक इंग्रजीतला सगळ्यात उपयोगी तुकडा. त्यातला 'दि' गाळायचा नाही. 'इन ॲबसन्स ऑफ' ही चूक इतकी पसरली आहे की बरोबर वाटू लागते. पुढे नाम हवं, वाक्य नको: 'इन दि ॲबसन्स ऑफ अ साइन्ड ॲग्रीमेंट, नो पेमेंट विल बी मेड'. व्यक्तीसाठी सर्वनाम आलं की 'दि' आपोआप जातो: 'इन हर ॲबसन्स, द डेप्युटी विल साइन'. लॅटिनमधला 'इन ॲबसेन्शिया' फक्त ठरावीक जागी येतो: आरोपी हजर नसताना निकाल लागला किंवा पदवीदान समारंभाला न जाता पदवी मिळाली तर. रजेवर असलेल्या सहकाऱ्यासाठी तो वापरला तर खटला चालल्यासारखं वाटेल.

अमेरिकी कायदेशीर इंग्रजीत हेच 'ॲबसंट' हा शब्द पुढे काढून थोडक्यात सांगतात: 'ॲबसंट अ रिटन ॲग्रीमेंट, द डिफॉल्ट रूल अप्लाइज'. वाचताना ओळखता आलं पाहिजे. लिहिताना कायद्याच्या मजकुराबाहेर ते ताठ वाटतं.

कारण सांगायचं असेल तर 'फॉर वाँट ऑफ' किंवा 'फॉर लॅक ऑफ': 'द केस वॉज डिसमिस्ड फॉर लॅक ऑफ एव्हिडन्स'. सभांच्या भाषेत 'फॉर वाँट ऑफ' रुळलेलं आहे: 'द मीटिंग वॉज ॲडजर्न्ड फॉर वाँट ऑफ अ कोरम', 'द मोशन लॅप्स्ड फॉर वाँट ऑफ अ सेकंडर'. इथे 'वाँट' म्हणजे इच्छा नव्हे, उणीव. 'ड्यू टू नॉन-अव्हेलेबिलिटी ऑफ' आणि 'ड्यू टू नॉन-रिसीट ऑफ' कार्यालयांत फार चालतात. चुकीचे नाहीत, पण अशी दोन-तीन ओझी एका वाक्यात आली की करणारा कोण तेच हरवतं. 'बिकॉज वी हॅव नॉट रिसीव्ह्ड युअर फॉर्म' हे तितकंच औपचारिक आहे आणि एका वाचनात कळतं.

दोन जुळी भावंडं वेगळी ओळखा. 'फेलिंग दॅट' म्हणजे ते नसेल तर हे: 'प्लीज सेंड दि ओरिजिनल ऑर, फेलिंग दॅट, अ सर्टिफाइड कॉपी'. 'फेलिंग विच' म्हणजे तसं न केल्यास परिणाम भोगा: 'सबमिट द फॉर्म बाय फ्रायडे, फेलिंग विच द ॲप्लिकेशन विल बी रिजेक्टेड'. पहिलं सोय देतं, दुसरं धमकावतं. वरिष्ठांना किंवा ग्राहकाला लिहिताना दुसरं टाळावं.

आणि 'इन लू ऑफ' म्हणजे 'च्या ऐवजी', 'च्या अभावी' नव्हे. 'टाइम ऑफ इन लू ऑफ ओव्हरटाइम पे' म्हणजे जादा कामाच्या पैशांऐवजी सुट्टी. 'इन लू ऑफ डॉक्युमेंट्स, द फाइल इज पेंडिंग' याला काही अर्थच उरत नाही.

पायरी 5: माणूस नाही, तेव्हा जपून

'ही इज नो मोअर' म्हणजे तो वारला. बदली झालेल्या, राजीनामा दिलेल्या माणसाबद्दल हे लिहिलं गेल्याने शोकसंदेश आल्याची उदाहरणं कार्यालयांत सांगितली जातात. हवं ते वाक्य: 'ही इज नो लाँगर विथ द कंपनी'. रजेवर असेल तर 'ऑन लीव्ह', बाहेर असेल तर 'आउट ऑफ दि ऑफिस' किंवा 'अवे'. 'आउट ऑफ स्टेशन' भारतीय इंग्रजीत कळतं, इतरत्र वाचणारा रेल्वे स्टेशन शोधत बसतो. माणूस कुठे आहे हे सांगायचं नसेल तर 'अनअव्हेलेबल' पुरे: 'शी इज अनअव्हेलेबल अंटिल मंडे'.

सभेच्या इतिवृत्तात नुसतं 'ॲबसंट' लिहिलं की न कळवता गैरहजर असा वास येतो. ब्रिटिश पद्धतीत 'अपॉलजीज फॉर ॲबसन्स वेअर रिसीव्ह्ड फ्रॉम' असं लिहून कळवून न आलेल्यांची नावं देतात. अमेरिकी नोंदींत 'एक्सक्यूज्ड' असा शब्द दिसतो. 'प्रेझेंट' खाली सभासद, 'इन अटेंडन्स' खाली सभासद नसलेले पण हजर असलेले. ही दोन शीर्षकं अदलाबदल झाली तर गणसंख्येचा हिशेब चुकतो.

'कॉन्स्पिक्युअस बाय हिज ॲबसन्स' हा वाक्प्रचार कधीतरी मोहात पाडतो. ब्रिटिश राजकारणी लॉर्ड जॉन रसेल यांनी 1859 मध्ये तो वापरला, आणि कल्पना रोमन इतिहासकार टॅसिटस याच्याकडून घेतली: ब्रूटसची बहीण आणि कॅशियसची पत्नी जुनिया हिच्या अंत्ययात्रेत ब्रूटस आणि कॅशियस या सीझरच्या मारेकऱ्यांच्या प्रतिमा नव्हत्या, म्हणूनच ते दोघे सगळ्यांच्या डोळ्यांत भरले. लेखात, भाषणात झकास. इतिवृत्तात तो टोमणा ठरतो.

पायरी 6: तपासणी अहवालात 'सापडलं नाही' हेच लिहा

प्रत्येक मोजणीच्या पद्धतीला एक खालची मर्यादा असते; त्याखालचं प्रमाण तिला दिसत नाही. पद्धत एका लिटरमागे 5 मायक्रोग्रॅमपर्यंतच पाहू शकत असेल, तर 3 मायक्रोग्रॅम असलेला नमुनाही 'नॉट डिटेक्टेड' येतो. म्हणून 'ॲबसंट' किंवा 'झिरो' लिहायचं नाही. 'नॉट डिटेक्टेड' लिहायचं आणि सोबत मर्यादा द्यायची: 'लिमिट ऑफ डिटेक्शन 5 मायक्रोग्रॅम्स पर लिटर'. 'ट्रेस' म्हणजे अत्यल्प, पण आहे. ते 'निल' नव्हे.

पाहणीच्या अहवालात 'नो एव्हिडन्स ऑफ लीकेज वॉज ऑब्झर्व्ह्ड अॅट द टाइम ऑफ इन्स्पेक्शन' यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे: खूण दिसली नाही, पाहणाऱ्याला दिसली नाही, त्या वेळी दिसली नाही. काय पाहिलं नाही तेही लिहा: 'द रूफ वॉज नॉट इन्स्पेक्टेड'. न तपासलेल्या भागाबद्दल गप्प बसलात तर तिथेही दोष नाही असंच वाचणारा धरून चालतो.

वैद्यकीय कागदांत काही शब्द नवख्याला चकवतात. 'निगेटिव्ह' म्हणजे शोधलेली गोष्ट आढळली नाही. बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. 'अनरिमार्केबल' म्हणजे नोंद घेण्याजोगं वेगळं काही नाही, कमीपणा नव्हे. 'पेशंट डिनाइज चेस्ट पेन' म्हणजे छातीत दुखत नाही असं रुग्णाने सांगितलं. तो खोटं बोलतोय असा संशय त्यात नाही.

पायरी 7: दोष कुणाच्या पदरात पडतोय ते पाहा

तुम्हाला ईमेल आली, जोडपत्र नव्हतं. 'यू डिड नॉट अटॅच द फाइल' हा आरोप आहे, आणि कदाचित खोटाही. फाइल मध्येच सर्व्हरने अडवली असू शकते. 'द फाइल वॉज नॉट अटॅच्ड' थोडं सौम्य, पण निष्कर्ष तोच. 'दि अटॅचमेंट अपिअर्स टु बी मिसिंग' किंवा 'आय कुड नॉट फाइंड दि अटॅचमेंट' यात तुम्ही फक्त स्वतःला दिसलं तेवढंच सांगता. पैशांचंही तेच: 'यू हॅव नॉट पेड' ऐवजी 'वी हॅव नो रेकॉर्ड ऑफ रिसीव्हिंग युअर पेमेंट'. ही नुसती सभ्यता नाही. 'नॉट सेंट' हे पाठवणाऱ्याला माहीत असतं, तुम्हाला माहीत असतं ते फक्त 'नॉट रिसीव्ह्ड'.

मुद्दाम वगळलेल्या गोष्टीला 'मिसिंग' म्हणू नका. विचारपूर्वक बाहेर ठेवली तर 'एक्सक्लुडेड'. गाळली असेल तर 'ऑमिटेड', आणि हा शब्द चुकून राहिल्यासाठीही चालतो, म्हणून 'डेलिबरेटली' की 'इनॲडव्हर्टंटली' ते जोडा. छापील नियमावल्यांत कोऱ्या पानावर 'धिस पेज इज इन्टेन्शनली लेफ्ट ब्लँक' असतं, ते छपाईत काही राहून गेलं नाही एवढं कळवायलाच.

पायरी 8: रकाने आणि तक्ते

रकाना मोकळा सोडणं सगळ्यात वाईट, कारण विसरलात की लागू नाही की शून्य, काहीच कळत नाही. मोजलं आणि शून्य निघालं तर 'निल'. प्रश्नच लागू नसेल तर 'नॉट ॲप्लिकेबल'. लागू आहे पण माहिती हाताशी नाही तर 'नॉट अव्हेलेबल'. माहिती घेतलीच गेली नव्हती तर 'नॉट रेकॉर्डेड'. पुढे कळणार असेल तर 'टु बी कन्फर्म्ड'. आद्याक्षरं टाळा: 'एन ए' चा अर्थ लागू नाही आणि उपलब्ध नाही असा दोन्ही होतो. जागा कमी असेल तर तक्त्याखाली एकदा खुलासा द्या. आधीच्या नोकरीच्या रकान्यात 'निल' लिहिणाऱ्या नवख्याने लाजायचं कारण नाही. 'नॉट ॲप्लिकेबल' लिहिलं तर मात्र प्रश्न टाळल्यासारखं वाटतं.

पायरी 9: उपसर्ग-प्रत्ययांवर आंधळा विश्वास नको

'लेस' लागला की 'विना' असं धरलं जातं. 'पेनलेस', 'हार्मलेस' मध्ये ते खरं आहे, 'प्राइसलेस' मध्ये नाही, ते अनमोल. कवडीमोल म्हणजे 'वर्थलेस' किंवा 'व्हॅल्यूलेस'. 'अमॉरल' म्हणजे नैतिक विचारच नसलेला, 'इमॉरल' म्हणजे नीतीविरुद्ध. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला, 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे स्वार्थ नसलेला, निःपक्ष. लवादाला 'अनइंटरेस्टेड' म्हटलं तर तो जांभया देतोय असं होईल. 'फ्री ऑफ' आणि 'फ्री फ्रॉम' बरेचदा अदलाबदलीने चालतात, पण पैशांच्या बाबतीत 'फ्री ऑफ चार्ज' हेच पक्कं.

पायरी 10: 'नॉट' कुठे बसला ते तपासा

पाठवण्याआधीची ही शेवटची तपासणी, आणि मराठी डोक्याला सगळ्यात जड जाणारी. 'सगळे सभासद हजर नाहीत' याचं 'ऑल द मेंबर्स आर नॉट प्रेझेंट' केलं तर काही आलेत की एकही नाही, दोन्ही अर्थ निघतात. काही आलेत: 'नॉट ऑल द मेंबर्स आर प्रेझेंट'. एकही नाही: 'नन ऑफ द मेंबर्स आर प्रेझेंट', 'नन' पुढे एकवचनी 'इज' ही चालतं, पण एका कागदात एकच पद्धत ठेवा.

'बिकॉज' सोबत 'नॉट' आला की पुन्हा सापळा. 'द फॉर्म वॉज नॉट रिजेक्टेड बिकॉज द फोटो वॉज मिसिंग': अर्ज बाद झालाच नाही, की दुसऱ्या कारणाने बाद झाला? दोन वाक्यं करा, 'द फॉर्म वॉज रिजेक्टेड. द मिसिंग फोटो वॉज नॉट द रीझन'.

'हार्डली', 'स्केअर्सली' हे शब्द आधीच नकारी आहेत. त्यांच्याबरोबर 'नॉट' घालायचा नाही. 'फ्यू' आणि 'लिटल' यांच्या आधीचा छोटा 'अ' अर्थ फिरवतो: 'देअर इज लिटल एव्हिडन्स' म्हणजे पुरावा जवळजवळ नाहीच, 'देअर इज अ लिटल एव्हिडन्स' म्हणजे थोडा आहे.

नकारी प्रश्नाचं उत्तर देताना मराठी आणि इंग्रजी उलट चालतात. 'फाइल जोडली नाही का?' याला आपण 'हो, नाही जोडली' म्हणतो, म्हणजे विचारणाऱ्याच्या अंदाजाला होकार देतो. इंग्रजीत होकार-नकार वस्तुस्थितीला असतो. 'इजन्ट द फाइल अटॅच्ड?' असं विचारलं आणि फाइल जोडलेली नसेल तर उत्तर 'नो, इट इजन्ट'. 'येस, इट इज नॉट' लिहिलं तर समोरचा अर्ध्या वाक्यावर विश्वास ठेवेल आणि कोणत्या अर्ध्यावर ते सांगता येणार नाही. शंका असेल तर 'येस' आणि 'नो' दोन्ही गाळा आणि 'द फाइल इज नॉट अटॅच्ड. आय विल सेंड इट टुडे' एवढंच लिहा.